पोरीच्या दातांचा आणखी एक 'फोटो' काढू का?

नमस्कार डॉक्टर ताई. आम्ही निपाणीचे. माझी मुलगी १३ वर्षांची, आठवीत आहे. वरच्या डाव्या बाजूचा तिचा सुळा आलाच नव्हता. गेल्या वर्षी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आधी साधे दोन फोटो (एक्स-रे) काढले, एक सगळ्या जबड्याचा आणि एक चेहऱ्याच्या बाजूचा. मग सुळा आत कुठं अडकलाय ते बघायला थ्रीडी फोटो काढला. हिरडी उघडून सुळ्याला बटन चिकटवलं, साखळी लावली, सगळ्या दातांना क्लिपा बसवल्या. आता १४ महिने झाले, सुळा अर्ध्याहून जास्त खाली आलाय. दर महिन्याला कोल्हापूरला न्यायला सोबत कोणी नाही. बेळगावला शहापुरात माझं माहेर आहे आणि कर्नाटकच्या बसला बायकांना पैसेही पडत नाहीत, म्हणून दिवाळीपासून बेळगावच्या डॉक्टरांकडे जातोय. त्यांनी पेनासारखा कॅमेरा तोंडात फिरवून सगळे दात कॉम्प्युटरवर दाखवले आणि म्हणाले, मुळं कशी आहेत ते बघायला पुन्हा एक थ्रीडी फोटो काढू. सासूबाई म्हणतात, एवढे फोटो पोरीला बरे नव्हेत, नको म्हणून सांग. मागच्या वेळी तर शिशाचा एप्रनसुद्धा घातला नव्हता. त्या पेनाच्या कॅमेऱ्यात मुळं दिसत नाहीत का? त्यालाही किरणं असतात का? डॉक्टरांना नको म्हटलं तर त्यांना राग येईल, हो म्हटलं तर घरी बोलणी. काय करू सांगा की.
— एक आई, निपाणी

ताई, नमस्कार.

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. डॉक्टरांना आत्ताच 'नको' म्हणू नका आणि 'हो'ही म्हणू नका. एवढंच विचारा, 'डॉक्टर, या फोटोत तुम्हाला नेमकं काय बघायचंय?' त्यांचं उत्तर काय येतं यावर पुढचं सगळं ठरेल. आणि पुढच्या खेपेच्या आधी कोल्हापूरच्या त्या थ्रीडी फोटोची मूळ फाईल काहीही करून मिळवा. ती हातात आली तर नव्या फोटोची गरजच पडणार नाही, असंही होऊ शकेल. पडलीच, तर तो अगदी लहान भागाचा काढून भागेल.

पेनाच्या कॅमेऱ्याची काळजी सोडून द्या. तो स्कॅनर फक्त उजेड टाकतो आणि दातांवरून परत येणारा उजेड टिपतो. एक्स-रेचा त्यात अंशही नाही, दहा वेळा फिरवला तरी हरकत नाही. पण उजेड हिरडीच्या आत जात नाही, त्यामुळे स्कॅनरला दाताचा बाहेर दिसणारा भाग तेवढा कळतो. मूळ हाडात असतं, ते त्याला दिसत नाही. तुमच्या डॉक्टरांची अडचण खरी आहे, हे आधी मान्य करू या.

आता मुळं बघायचीच कशाला? क्लिपांनी आपण दाताचा वरचा भाग ओढतो, पण हलायला हवं सबंध दातानं. वरून ओळ सुरेख लागली आणि खाली मुळं एकमेकांवर कलली असली, तर तारा काढल्यावर दात हळूहळू परत फिरतात, फटी पडतात. मूळ हाडाच्या बाहेरच्या पातळ भिंतीला जाऊन टेकलं तर तिथली हिरडी मागे सरकू शकते. आणि तिसरी गोष्ट, जिला मी सगळ्यात जास्त भिते: दात हलवताना काही मुलांची मुळं टोकाकडून झिजून आखूड होतात. बहुतेकांच्या बाबतीत ही झीज मिलिमीटर-दीड मिलिमीटरची असते आणि तिचा काही त्रास होत नाही. थोड्या मुलांत मात्र ती पार पुढे जाते. वरच्या पटाशीच्या दातांना हा धोका सगळ्यांत जास्त. झीज होत असताना दुखत नाही, वरून दातात काही फरक पडत नाही. फोटोशिवाय ती कळायला मार्ग नाही.

खानापूरकडचा एक मुलगा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. मी नुकतीच स्वतंत्र काम करायला लागले होते. क्लिपा बसवल्यावर सात महिन्यांनी त्याच्या पुढच्या दातांचा छोटा फोटो काढला, तर वरच्या चारही पटाशींची टोकं बोथट झालेली, पेन्सिल फरशीवर घासावी तशी. आधीच्या फोटोत ती निमुळती होती. दोन्ही फोटो शेजारी धरून मी कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. मग ओढ सगळी सोडली, साधी निवांत तार घातली, तीन महिने दात तसेच राहू दिले, आणि पुढचं काम हलक्या हातानं, थोडक्यात आवरलं. झीज थांबली. 'किरणं नकोत' म्हणून तो छोटा फोटो मी टाळला असता तर त्या मुलाचं काय झालं असतं, ते मला माहीत आहे. म्हणून 'फोटो नकोच' हा सल्ला मी कोणालाही देत नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अथणीची एक मुलगी आली होती, पिशवीत पाच मोठे फोटो, सगळे वर्षभरातले. एक सांगलीचा, दोन मिरजेचे, दोन बेळगावचे. डॉक्टर बदलले की प्रत्येकानं नवा काढायला सांगितला, कारण आधीचा कोणाकडे पोचलाच नव्हता. आपल्या सीमाभागात हे फार होतं. कोल्हापूर-सांगली एकीकडे, बेळगाव-धारवाड दुसरीकडे, दवाखाना सोयीनं बदलतो आणि फोटो मात्र मागे कपाटात राहतात. त्या पाचांपैकी तीन फोटोंतून कोणालाच नवं काही कळलं नव्हतं. मुलीनं ते किरण उगाचच घेतले. शिकत असताना आम्हीही असंच करायचो, उपचाराच्या मध्यावर प्रत्येकाचा एक मोठा फोटो, रिवाज म्हणून. आता मी रिवाजाला फोटो काढत नाही.

सासूबाईंची भीती खोटी नाही, पण तिला माप हवं. एक्स-रेच्या बाबतीत 'इतक्या खाली अगदी निर्धोक' अशी रेघ कोणी ओढलेली नाही. डोस जितका कमी तितका धोका कमी, असं धरूनच जगभर काम चालतं. लहान मुलांच्या पेशी भराभर वाढत असतात, पुढे आयुष्य मोठं असतं, आणि दातांच्या फोटोत गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जवळ येते. म्हणून मुलांच्या बाबतीत आम्ही जास्त जपून असतो. आता आकडे बघा. जमीन, हवा, अन्न, आकाश यांतून प्रत्येक माणसाला नैसर्गिक किरणं मिळतच असतात. मायक्रोसिव्हर्ट हे किरणांच्या डोसचं माप. जगाची सरासरी वर्षाला सुमारे २,४०० मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साडेसहाच्या आसपास. सगळ्या जबड्याचा फोटो, ज्याला आम्ही ओपीजी म्हणतो, साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्टचा, म्हणजे दोन-चार दिवसांच्या नैसर्गिक किरणांएवढा. चेहऱ्याच्या बाजूचा फोटो पाचेक मायक्रोसिव्हर्टचा, एका दिवसाच्या आतलाच. एक-दोन दातांचा तोंडात धरून काढायचा छोटा फोटोही त्याच घरातला.

थ्रीडीचं मात्र एकच एक उत्तर नाही, आणि इथंच आईबापांचा घोळ होतो. मशीन, सेटिंग आणि किती मोठा भाग घेतला यावर तो डोस २०-३० मायक्रोसिव्हर्टपासून काहीशे मायक्रोसिव्हर्टपर्यंत जातो. चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा, कमी डोसच्या सेटिंगवर घेतला, तर चार-पाच दिवसांच्या नैसर्गिक किरणांएवढाही असू शकतो. हनुवटीपासून डोळ्यांपर्यंत सगळा चेहरा भारी सेटिंगवर घेतला, तर महिन्या-दोन महिन्यांएवढा. तेव्हा 'थ्रीडी काढला' एवढ्यावरून काहीच कळत नाही. 'केवढ्या भागाचा, कुठल्या सेटिंगवर' हे विचारायला हवं. तुमच्या लेकीचे आधीचे तिन्ही फोटो मिळून काही दिवसांपासून फार तर दोनेक महिन्यांच्या नैसर्गिक किरणांइतकं होईल. सासूबाईंना सांगा, पोरीला त्यातून असलेला धोका अगदीच किरकोळ आहे. आणि हेही सांगा, की पुढचा फोटो कारणाशिवाय काढायचा नाही हा त्यांचा आग्रह बरोबरच आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मला इतकं महत्त्वाचं वाटलं, ती सांगते.

दाताचा बाहेरचा भाग आणि मूळ हा एकसंध तुकडा आहे, मध्ये बिजागरी नाही. गोठ्यात म्हैस बांधायचा खुंटा असतो ना, तो जमिनीत ठोकलेला असला की वर वीतभर दिसतो. खाली किती आहे, सरळ आहे का वाकडा, हे बघून सांगता येत नाही. पण ठोकायच्या आधी तो खुंटा तुम्ही एकदा हातात घेऊन पाहिलेला असला, लांबी आणि बाक माहीत असला, तर पुढे वरचा भाग कुठल्या अंगाला किती कललाय यावरून खालचं टोक कुठं असेल ते न उकरता सांगाल.

हेच दातांच्या बाबतीत कॉम्प्युटरवर करता येतं. सुरुवातीला एक थ्रीडी फोटो काढलेला असला, की त्यातला एकेक दात मुळासकट सुटा करून घेतात. थ्रीडी फोटोत दाताचा बाहेरचा पृष्ठभाग जरा पुसट येतो, म्हणून त्यावर स्कॅनरचा रेखीव दात बसवतात. झाला 'पाहिलेला खुंटा'. मग काही महिन्यांनी फक्त स्कॅनर फिरवायचा. नव्या स्कॅनमधल्या प्रत्येक दातावर जुना, मुळासकटचा तोच दात नेमका बसवायचा. बाहेरचा भाग जुळला की मूळ त्याच्यामागून आपसूक जागेवर जातं, आणि सगळी मुळं आज कुठं आहेत त्याचं चित्र उभं राहतं. या वेळी किरण शून्य. साधारण २०१४-१५ पासून अमेरिकेतल्या दंतवैद्यांनी हे आधी जबड्याच्या नमुन्यावर करून पाहिलं, मग रुग्णांच्या नोंदींवर, आणि असं काढलेलं मुळांचं चित्र खऱ्या थ्रीडी फोटोशी ताडून पाहिलं. दोन्ही चांगली जुळली. आज दात सुटे करायचं किचकट काम बरंचसं सॉफ्टवेअर करतं, त्यामुळे ही पद्धत संशोधनाच्या कागदांतून हळूहळू दवाखान्यात यायला लागली आहे. सगळीकडे आलेली नाही. तुमच्या डॉक्टरांकडे स्कॅनर आहे, म्हणजे अर्धी सामग्री त्यांच्याकडे आहे. उरलेली अर्धी कोल्हापुरात पडून आहे.

म्हणून त्या फाईलचा एवढा आग्रह धरतेय.

पण ताई, या पद्धतीला काय दिसत नाही तेही मी सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही डॉक्टरांशी भांडायला जाल. पहिली गोष्ट, ती जुनंच मूळ नव्या जागी दाखवते. मधल्या काळात मूळ झिजून आखूड झालं असेल, तरी पडद्यावर ते पूर्वीइतकंच लांब दिसेल. खानापूरच्या त्या मुलाची झीज अशा चित्रात मला कधीच कळली नसती. दुसरी गोष्ट वयाची. वरच्या सुळ्याचं मूळ साधारण १३ ते १५ या वयात पुरं होतं, दुसऱ्या दाढेचंही त्याच सुमारास. तुमची लेक नेमकी त्याच वयात आहे. १४ महिन्यांपूर्वीच्या फोटोत तिच्या सुळ्याचं टोक अजून उघडं असेल, आता ते वाढून लांबलं असेल. म्हणजे सुळ्यापुरतं जुनं माप थोडं कमी पडणार. तिसरी गोष्ट हाडाची. दात एकमेकांच्या मानानं कुठं आहेत ते स्कॅन सांगतो, हाडाच्या भिंतीच्या मानानं नाही. वरच्या जबड्यात टाळूवर पुढच्या बाजूला आडव्या वळ्या असतात, जीभ लावलीत तर तुम्हालाही लागतील. त्या फारशा हलत नाहीत, त्यांच्या आधारानं जुना आणि नवा स्कॅन जुळवता येतो. खालच्या जबड्यात असा भरवशाचा आधार नाही, तिथं अंदाजच राहतो. शिवाय मधल्या काळात दाताचा तुकडा उडाला, सिमेंट भरलं, जागा करायला दातांच्या कडा घासल्या, तरी जुळणी बिघडते.

आणि सुळा हिरडीत पुरता लपलेला असता, तर या पद्धतीचा काहीच उपयोग नव्हता. वर दिसायला काही नाही तर जुळवणार काय? वरचा सुळा अडकणं तसं अगदी दुर्मीळ नाही, शंभरात साधारण दोघांचा अडकतो, मुलींमध्ये जास्त. अशा वेळी सुरुवातीला एक थ्रीडी फोटो काढणं हे योग्य कारण आहे, कारण अडकलेला सुळा शेजारच्या पटाशीच्या मुळाला कुरतडतोय का, टाळूच्या बाजूला आहे की ओठाच्या, हे कळल्याशिवाय त्याला ओढायला घेणं म्हणजे अंधारात गाडी हाकणं. तेव्हा कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तो फोटो काढला ते चुकीचं नव्हतं. तुमच्या लेकीचा सुळा आता अर्ध्याहून अधिक बाहेर आलाय, म्हणजे जुळणीला पुरेसा दिसेल असं मला पत्रावरून वाटतं.

आता मी सांगितलेला प्रश्न डॉक्टरांना विचारलात, की दोन-तीन प्रकारची उत्तरं येऊ शकतात.

ते म्हणाले, 'मुळं एकमेकांना समांतर आलीत का, क्लिपांची जागा बदलावी लागेल का ते बघायचंय', तर त्याला नवा थ्रीडी फोटो लागू नये. जुनी फाईल आणि नवा स्कॅन जुळवून हे बघता येईल. त्यांच्याकडे ते सॉफ्टवेअर नसेल तर एक ओपीजी पुरेल. ओपीजीत सुळा आणि त्यामागच्या छोट्या दाढा यांच्या मुळांचा कल थोडा फसवा दिसतो, कारण जबड्याला तिथं वळण आहे आणि मशीन ते वळण सरळ करून दाखवतं. अनुभवी डॉक्टर हे धरूनच वाचतात. शिवाय बोटांनीही बरंच कळतं. ओठ वर करून हिरडीवरून बोट फिरवलं की मुळांचे उंचवटे लागतात. नव्या शिकाऊ डॉक्टरांना मी हे आधी शिकवते, पडद्याकडे बघायच्या आधी डोळे मिटून बोट फिरवा म्हणते.

ते म्हणाले, 'सुळ्याच्या शेजारच्या पटाशीचं मूळ झिजलंय का ते बघायचंय', तर प्रश्न रास्त आहे, आणि तुमच्या लेकीच्या बाबतीत मलाही सगळ्यात आधी हाच प्रश्न पडला असता. याला स्कॅनर उत्तर देऊ शकत नाही. पण सुरुवात तोंडातल्या छोट्या फोटोनं करता येते. एक सरळ, आणि दुसरा मशीन जरासं बाजूला सरकवून. दोन फोटोंत मुळं एकमेकांच्या मानानं कुठल्या बाजूला सरकलेली दिसतात यावरून कोण पुढे, कोण मागे हेही कळतं. शंभर वर्षांहून जुनी युक्ती आहे, अजून तितकीच कामाची. त्यात मूळ धड दिसलं तर विषय तिथं संपतो. शंका आली, किंवा झीज मुळाच्या पुढच्या-मागच्या अंगाला असेल असं वाटलं, जी सपाट फोटोत लपून राहते, तर मग थ्रीडी काढा. पण तेवढ्याच दोन-तीन दातांचा, लहान तुकडा, कमी डोसच्या सेटिंगवर. अशा फोटोला मी डोळे झाकून हो म्हणेन, आणि सासूबाईंनाही मीच समजावून सांगेन.

आणि ते म्हणाले, 'आमच्याकडे नवीन पेशंटचा काढतोच', तर नम्रपणे सांगा, 'जुनी फाईल आणते, ती बघून तुम्ही म्हणाल तसं करू.' यात राग यायचं कारण नाही. उलट, उपचार मध्येच हातात घेणाऱ्या डॉक्टरला आधीचा थ्रीडी मिळणं ही मोठी सोय असते. दुसऱ्यानं सुरू केलेलं तोंड हातात घ्यायचं आणि सुरुवात कशी होती ते माहीत नसायचं, याचा त्रास मी जाणते. त्यांनी नवा फोटो मागितला तो बहुधा यासाठीच. मनात किंतु धरू नका.

एप्रनचं. मागच्या वेळी घातला नाही म्हणून निष्काळजीपणा झाला असं नाही. आताच्या मशीनचा झोत नेमक्या भागावर बांधलेला असतो, पोटाकडे जवळजवळ काही जात नाही. २०२४ साली अमेरिकन डेंटल असोसिएशननं तर दातांच्या फोटोला शिशाचा एप्रन आणि गळ्याचा पट्टा नेहमीसाठी घालायची गरज नाही असंच सांगितलं. ओपीजीत गळ्याचा पट्टा मधे आला तर फोटो बिघडतो आणि दुसरा काढावा लागतो, म्हणजे वाचवायला गेलो आणि दुप्पट झालं. मी स्वतः मुलांच्या तोंडातल्या छोट्या फोटोला अजून गळ्याचा पट्टा घालते, तो मधे येत नसला तर. यावर मतं वेगवेगळी आहेत. खरा बचाव मात्र पट्ट्यात नाही. तो भाग लहान ठेवण्यात, डोस मुलाच्या अंगाप्रमाणे कमी करण्यात आणि एकदा काढलेला फोटो पुन्हा काढायची वेळ न येऊ देण्यात आहे. लेकीला सांगून ठेवा, मशीन फिरत असताना गिळायचं नाही, हलायचं नाही. हललेला फोटो हा सगळ्यात वाया गेलेला फोटो. मशीनची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंद असायला हवी, हेही विचारायला संकोचू नका.

संमतीपत्र पुढे येईल ते बहुतेक इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल. सही करायच्या आधी 'यात काय लिहिलंय ते मराठीत सांगा' म्हणा. बेळगावात सांगणारं कोणीतरी असतंच.

आता कोल्हापूरचं काम. फोन करून तारीख सांगा, मुलीचं नाव सांगा आणि 'थ्रीडी फोटोची डायकॉम फाईल हवी' हेच शब्द वापरा; मशीनमधल्या मूळ फाईलला डायकॉम म्हणतात. काळ्या फिल्मवरचे छापलेले तुकडे, कागदावरचा रिपोर्ट किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटोचा फोटो, यांतलं काहीही चालणार नाही. त्यांतून दात सुटे करता येत नाहीत. फाईल मोठी असते, पेन ड्राइव्ह घेऊन जावं लागेल. सुरुवातीचा दातांचा स्कॅन त्यांनी केला असेल तर तोही मागा, त्याला एसटीएल फाईल म्हणतात. ओपीजी आणि बाजूचा फोटोही घ्या. तिथं फोटो वेगळ्या सेंटरमध्ये काढला असेल तर आधी त्या सेंटरलाच विचारा, डॉक्टरांकडे नुसती छापील प्रत असू शकते. आणि हे लवकर करा, सेंटरवाले जुन्या फाईली किती दिवस ठेवतात त्याचा भरवसा नसतो. मागितल्यावर नोंदींची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे, ते उपकार नव्हेत. डॉक्टर सोडून गेलात म्हणून अवघडल्यासारखं वाटत असेल, तर 'बेळगावचे डॉक्टर मागतायत' एवढं सांगितलं तरी पुरे. कोगनोळीच्या पलीकडे, कोल्हापूरला, एक दिवस भावाला किंवा मिस्टरांना पाठवा, लेकीला न्यायची गरज नाही.

पेन ड्राइव्ह हातात आला की निपाणीला परतायच्या आधी तिथंच कॉम्प्युटरवर उघडून दाखवायला सांगा. दात फिरताना दिसले पाहिजेत. मागे एका पालकांनी इतक्या लांबून आणलेल्या सीडीत नुसतं रिकामं फोल्डर निघालं होतं. घरी आलात की आणखी एका ठिकाणी प्रत करून ठेवा, आणि एका वहीच्या पानावर आजवरच्या प्रत्येक फोटोची तारीख, जागा आणि कशासाठी काढला ते लिहा. ते पान फाईलमध्ये सगळ्यात वर लावा. पुढे अक्कलदाढेसाठी, पडल्याझडल्यासाठी कोणी नवा फोटो मागितला, की आधी ते पान पुढे करायचं.

डॉक्टरांनी काय उत्तर दिलं ते मला जरूर कळवा. पटाशीच्या मुळाचा छोटा फोटो त्यांनी काढला आणि त्यात झीज दिसली, तर पुढच्या पत्राची वाट न बघता त्यांना ओढ थांबवण्याबद्दल विचारा.

तुमची,
डॉक्टर ताई, बेळगाव